सुन्या, पंप उतरवू देऊ नकोस
प्रिय सुन्या,

गाडी चढाला दम सोडते म्हणून पंप उतरवायचा म्हणतायत, हा तुझा निरोप वाचला आणि लगेच लिहायला बसलो. इकडे सगळे बरे, शुगर आटोक्यात. पण काकांच्या मर्सिडीज २४०डीचा डिझेल पंप कुणालाही उतरवू देऊ नकोस!

गाडी सपाटीला नीट पळते, खंबाटकी घाटाला दम सोडते, थोडा वेळ बंद ठेवली की पुन्हा ताजी. बिघडलेला पंप असा विश्रांतीनं बरा होत नाही रे. टाकीतली जाळी चोंदलीय. चढाला डिझेल जास्त लागतं, तेवढं जाळीतून येत नाही. इंजिन थांबलं की ओढ संपते आणि गाळ सुटून खाली बसतो. दोन्ही फिल्टर नवे घातलेस, पण ते जाळीच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला.

आधी टाकीचं झाकण सैल करून घाट चढव. सुधारली तर हवेची वाट बंद आहे. नाहीतर टाकीच्या बुडाची, इंजिनाकडे जाणारी नळी काढ. धार सणसणीत यायला हवी. ठिबकली तर जाळीच.

उरलेलं डिझेल वरून नळीनं ओढून घे. जाळीचा नट ४६ मिमीचा, गोटी पानाच लाव. पाइप पान्यानं कडा गोल होतात, आणि टाकीचे आटे गेले तर सगळी टाकी उतरवावी लागेल. जाळीला काळा, बुळबुळीत, शेवाळासारखा थर दिसेल. तळाशी पाणी साचलं की डिझेलमध्ये जंतू वाढतात, त्यांचा तो. पाव टाकीवर गाडी ठेवतोस म्हणून कॉलेजपासून भांडतोय मी! रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री आतून घाम धरते, ते पाणी तळाला जातं.

जाळी डिझेलमध्ये मऊ ब्रशनं धू, आतून बाहेर हवा मार. फाटली असेल तर नवीच घे. ओ-रिंग, म्हणजे नटाखालची रबरी कडी, मात्र कुठल्याही परिस्थितीत नवी. बसवण्याआधी दोन-तीन लिटर स्वच्छ डिझेल टाकीतून सोड. ‘जाळीशिवाय चालतंय’ असं कुणी म्हणालं तर हाकलून दे. मग इंजिनावरच्या हातपंपानं नळ्यांत शिरलेली हवा काढ, कुईकुई आवाज येईपर्यंत. पुढचे काही दिवस सुटलेला गाळ येत राहील, म्हणून छोटा पारदर्शक फिल्टर डिकीत जास्तीचा ठेव.

वहिनींचा गुडघा कसा आहे? पिंकीचं पुण्याचं ठरलं का? खोलीचं मी बघतो. पंप आधीच दिला असशील तर उघडायच्या आत परत आण आणि मला फोन कर.

तुझा,
अव्या