'एल्डर'पुढे 'दॅन' नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतल्या इंग्रजीच्या सदरात 'व्यक्तीसाठी एल्डर, वस्तूसाठी ओल्डर' असा नियम चौकटीत दिला आहे आणि खाली उदाहरण 'रमेश इज एल्डर दॅन मी'. नियमही चूक, उदाहरणही चूक. शिष्यवृत्तीला बसणारी मुले या चौकटी कापून वहीत चिकटवतात, म्हणून लिहिणे भाग आहे.

'एल्डर'ला मराठीत नेमका शब्द आहे, थोरला. आपण 'माझा थोरला भाऊ' म्हणतो. 'माझ्यापेक्षा थोरला' कोणी म्हणत नाही. 'पेक्षा' आले की 'मोठा'च येतो. इंग्रजीतही तेच. 'माय एल्डर ब्रदर' बरोबर, पण 'दॅन' आले की 'रमेश इज ओल्डर दॅन मी'. दोघांतला थोरला 'द एल्डर ऑफ द टू', तीन किंवा अधिक भावंडांत 'एल्डेस्ट'. विल्यम पिट नावाचे बाप-लेक दोघेही ब्रिटनचे पंतप्रधान झाले. त्यांतला बाप 'पिट द एल्डर', जसे आपले थोरले बाजीराव.

'ओल्डर' माणसालाही चालतो, वस्तूलाही. पांडवलेणी काळाराम मंदिरापेक्षा 'ओल्डर', सासू सुनेपेक्षा 'ओल्डर'. 'माय ओल्डर ब्रदर' हेही शुद्धच. लिहिताना अडलेच तर मुलांनी 'ओल्डर' वापरावा.

सदरातले 'एल्डर टू मी बाय टू इयर्स' हे वाक्य 'सीनियर टू'च्या सवयीतून आलेले दिसते. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर ही लॅटिनमधून आलेली तुलनेची रूपे; त्यांना 'दॅन' नाही, 'टू' लागतो. 'एल्डर' हा इंग्रजीचा घरचा शब्द, 'ओल्ड'चेच जुने रूप. त्याला 'टू' जोडू नये. वर्षे सांगायची तर ती आधी घ्यावीत: 'टू इयर्स ओल्डर दॅन मी'.

दुरुस्ती त्याच जागी, तेवढ्याच चौकटीत छापावी. आतल्या पानाच्या कोपऱ्यात दोन ओळी टाकल्या तर मुलांच्या वहीत चुकीचाच नियम राहील.

आणि त्याच पानावर मथळा होता 'सर्वांत श्रेष्ठतम'. 'श्रेष्ठ' हे संस्कृतात मुळातच सर्वांत वरचे रूप आहे. त्याला 'तम' जोडायचा आणि वर 'सर्वांत'ही लावायचे, हे मराठी दैनिकात तरी होऊ नये.

आपला,
एक नियमित वाचक, कॉलेज रोड, नाशिक