त्या १८० हॉर्सपॉवरच्या विमानाबद्दल

प्रिय ऋचा,

तू घ्यायचं म्हणतेस त्या जुन्या विमानाची जाहिरात मिळाली, फोटो पण सगळे बघितले, बाबांना दाखवले तर ते रंगावरच खूश आहेत. मी इंजिनाचे फोटो मोठे करून करून बघत होते. फोनवर निम्मं राहून जातं म्हणून लिहून पाठवतेय, सावकाश वाच. एक आधीच सांगते, विमान घ्यायला माझी ना नाही. तू लायसन्स मेहनतीने मिळवलंयस, स्वतःचं विमान असावं असं वाटणं साहजिक आहे आणि मला त्याचा आनंदच आहे. पण आयुष्यभर हँगरमध्ये इंजिनं उघडली आहेत मी, त्यामुळे ‘इंजिन अपग्रेडेड’ असं ठळक अक्षरात वाचलं की मला लगेच बाकीचं विमान बघावंसं वाटतं.

सेसना १७२ एन, १९७८ ची. म्हणजे कारखान्यातून आली तेव्हा तिच्यात लायकॉमिंगचं ओ-३२०-एच२एडी, १६० हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. त्या इंजिनाचा कॅमशाफ्ट आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, लवकर झिजायचे, त्यावर कंपनीने पुढे बदल केले, तेलात घालायचं अ‍ॅडिटिव्ह आलं, तरी नाव खराब झालं ते झालंच. शिवाय त्याचे दोन्ही मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठी वीज देणारी यंत्रं, एकाच खोक्यात आणि एकाच शाफ्टवर फिरणारे, मला ते कधीच आवडलं नाही. त्यामुळे कुणीतरी ते काढून लायकॉमिंगचंच १८० हॉर्सपॉवरचं ओ-३६० बसवलं यात चांगलंच केलंय. ओ-३६० हे माझ्या मते छोट्या विमानांसाठी बनलेल्या सगळ्यात भरवशाच्या इंजिनांपैकी एक आहे. फक्त इंजिनाच्या डेटा प्लेटवरचा पूर्ण मॉडेल नंबर बघून घे, शेवटी ‘डी’ अक्षर असेल तर मॅग्नेटो परत तसलेच एकत्र. आणि असं तयार बदललेलं विमान घेणं स्वतः बदलून घेण्यापेक्षा जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं, कारण विकणाऱ्याला त्या कामाचा सगळा खर्च कधीच परत मिळत नाही.

आता त्या जास्तीच्या ताकदीचं. तुला वाटतंय की विमान खूप वेगात जाईल, तर तसं होणार नाही. वेग वाढवायचा तर ताकद त्याच्या घनाच्या प्रमाणात लागते, १६० चे १८० झाले म्हणजे साडेबारा टक्के ताकद वाढली पण वेग वाढतो जेमतेम चार टक्के. खरा फायदा चढताना. विमान नुसतं सरळ उडत ठेवायलाच बरीचशी ताकद जाते, वर उरते ती चढायला, आणि हे जास्तीचे वीस पूर्ण त्या उरलेल्यात पडतात, म्हणून चढण्यात फरक लगेच जाणवतो. शिवाय टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटाला साधारण तीन टक्के ताकद गमावतं. म्हणजे चार हजार फुटांवर हे इंजिन जवळपास तेवढी ताकद देईल जेवढी जुनं समुद्रसपाटीला देत होतं. उन्हाळ्यात, उंचावरच्या धावपट्टीवर, चारजण बसलेले असताना ती ताकद हाताशी असणं मला फार मोलाचं वाटतं, तू त्यात बसणार आहेस म्हणून तर जास्तच.

पण पेट्रोल. या विमानाला लाँग रेंज टाक्या नसतील तर वापरता येण्यासारखं इंधन ४० अमेरिकन गॅलन, म्हणजे १५१ लिटर. ७५ टक्के पॉवरवर जुनं इंजिन तासाला साधारण ३२ लिटर प्यायचं, हे ३८ च्या आसपास पिणार. टाक्या तेवढ्याच, म्हणजे हवेत राहायचा वेळ पाऊण तासाच्या आसपास कमी झाला. जुन्या मॅन्युअलमधले आकडे डोक्यात ठेवून प्लॅनिंग केलंस तर तो पाऊण तास तुझ्या रिझर्व्हमधूनच, म्हणजे अडचणीसाठी राखून ठेवलेल्या इंधनातूनच जाणार. पॉवर कमी ठेवून जुन्याच वेगाने उडलीस तर खप पण जवळपास जुन्यासारखाच राहतो, हे लक्षात ठेव.

कागदांचं मी जरा लांबण लावणार आहे कारण व्यवहार इथेच फसतो. इंजिन बदललं म्हणजे विमानाचं मूळ डिझाइन बदललं, आणि त्याला एसटीसी लागतं, सप्लिमेंटल टाइप सर्टिफिकेट, म्हणजे अशा बदलाला विमान खात्याची मंजुरी. ते ज्याच्या नावावर आहे त्याने या विमानावर वापरायची लेखी परवानगी दिलेली असली पाहिजे, ते पत्र माग. काम अमेरिकेत झालं असेल तर एफएएचा, म्हणजे तिथल्या विमान खात्याचा, फॉर्म ३३७ असणारच, तो माग. विमान दुसऱ्या देशात रजिस्टर असेल किंवा पुढे करायचं असेल तर तिथल्या खात्याने ते एसटीसी मान्य केलंय का हे पैसे द्यायच्या आधी लेखी विचार, नंतर नाही. मग फ्लाइट मॅन्युअलचं सप्लिमेंट, ते विमानात असलंच पाहिजे कारण आता खरे आकडे त्यात आहेत. आणि नवं वेट अँड बॅलन्स, म्हणजे विमानाचं वजन आणि तोल यांचा कागद. इथे विचार की वजन काट्यावर केलं की कागदावर जुन्यातून वजा करून नवं मिळवलं, कारण जुन्या विमानात वर्षानुवर्षं रेडिओ आले गेले, परत रंग दिला, त्या सगळ्या बेरजा-वजाबाक्यांवर माझा विश्वास नाही. मी तर म्हणेन वजन करूनच घे.

जाहिरातीत यूसफुल लोड, म्हणजे माणसं, सामान, इंधन मिळून नेता येणारं वजन, वाढलाय लिहिलंय, ते खरं असू शकतं पण आपोआप होत नाही. १७२ एन चं मूळ कमाल वजन २३०० पौंड. १८० हॉर्सपॉवरच्या काही एसटीसींमध्ये ते २५५० पौंडांपर्यंत वाढवता येतं, पण मग फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या, ४० ऐवजी ३० अंशांवरच थांबवायचे असतात. म्हणजे फ्लॅपना तिथे अडवणारा स्टॉप खरंच बसवलाय का, कागदात तशी नोंद आहे का, दोन्ही बघ. नुसतं इंजिन बदललं आणि वजनाचा भाग केलाच नाही असं असेल तर तुझी मर्यादा अजून २३०० च आहे, आणि इंजिन तर जड झालंय, म्हणजे उलट नेता येणारं सामान कमी झालं.

आता मला खरी काळजी ज्याची आहे ते. ओव्हरहॉलनंतर, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त केल्यानंतर, ४०० तास फक्त, असं लिहिलंय आणि तू त्यावर खूश आहेस, पण लॉगबुकचं जे एक पान त्यांनी फोटोत दाखवलंय त्यावरची ओव्हरहॉलची तारीख बघ, चौदा वर्षं झाली. म्हणजे वर्षाला तीस तास पण नाही. लायकॉमिंग या इंजिनाला दोन ओव्हरहॉलमध्ये २००० तास सांगतं पण त्याबरोबर बारा वर्षंही सांगतं, जे आधी होईल ते. तासाने हे इंजिन तरुण आहे, वर्षांनी त्याची मुदत संपलीय. लायकॉमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, वर असतो, विमान उभं राहिलं की तेल निथळून खाली जातं आणि वरचा कॅम कोरडा पडून गंजायला लागतो. अशी कमी तासांची पण उभी राहिलेली इंजिनं मी उघडली आहेत ऋचा, कॅमच्या लोब्सवर, म्हणजे उंचवट्यांवर, खड्डे पडलेले असतात आणि त्या बारीक लोखंडाच्या कणांनी पुढचं सगळं खाल्लेलं असतं. दर आठवड्याला उडणारं १२०० तासांचं इंजिन मी यापेक्षा आनंदाने घेईन. त्यामुळे तास महिन्यागणिक कसे पडलेत ते लॉगबुकमधून काढ, दोन वर्षं शून्य आणि मग विकायच्या आधी अचानक उड्डाणं असं दिसलं तर समजून घे.

म्हणून प्री-बाय इन्स्पेक्शन, म्हणजे विकत घेण्याआधीची तपासणी, आणि विकणाऱ्याच्या मेकॅनिककडून नाही, ज्याने या विमानाला आधी हात लावलेला नाही अशाकडून. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये ८० पैकी ७४-७५ आलं की लोक खूश होतात, त्यातून कॅमबद्दल काहीच कळत नाही. ऑइल फिल्टर कापून उघडायचा आणि कागदाच्या घड्यांत धातू आहे का बघायचं, बोअरस्कोपने, म्हणजे आत घालायच्या बारीक दुर्बिणीने, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बघायचे, आणि विकणारा तयार असेल तर एक सिलिंडर काढून कॅम प्रत्यक्ष बघायचा. तो नाही म्हणाला तर किमतीत ओव्हरहॉल धरूनच बोल, म्हणजे इंजिन संपलंय असं समजून. प्रॉप, म्हणजे पुढचा पंखा, कधी कशाला आपटलाय का, आणि आपटला असेल तर त्यानंतर इंजिन उघडून तपासलं का, हे पण लॉगबुकमध्ये शोध. आणि प्रॉप एसटीसीत लिहिलेल्याच मॉडेलचा आहे ना ते बघ, काही इंजिन-प्रॉप जोड्यांना ठरावीक आरपीएममध्ये सतत चालवायची मनाई असते, तशी असेल तर टॅकोमीटरवर, म्हणजे आरपीएम दाखवणाऱ्या काट्यावर, खूण हवी.

काउलिंगच्या, म्हणजे इंजिनाच्या झाकणाच्या, आतले बॅफल (हवा सिलिंडरकडे वळवणारे पत्रे) आणि त्यांची रबरं फाटलेली नकोत, मोठं इंजिन जास्त तापतं आणि हवा गळाली की सिलिंडर भाजतात. सिलिंडरच्या तापमानाची मर्यादा ५०० फॅरनहाइटची आहे पण मी चारशेच्या आतच ठेवते. मफलर नीट बघ, केबिनचा हीटर त्याच्यावरूनच गरम हवा घेतो, चीर असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याचा डिटेक्टर मी तुला आधीच घेऊन ठेवलाय.

इंजिन बदललं तरी बाकी विमान १९७८ चंच आहे. पंखांच्या आतला गंज, केबल, पुली, सगळं तेवढ्याच वयाचं. विशेषतः सीट रेल, सेसनाच्या सीटची पिन झिजलेल्या भोकातून सुटून सीट मागे सरकल्याचे अपघात झालेत, त्यावर एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह, म्हणजे खात्याचा सक्तीचा आदेश, आहे, आणि हे विमान आता जास्त नाक वर करून चढणार म्हणजे सीट मागे जायला अजूनच वाव. आणि लाल रेषा, व्हीएनई, म्हणजे कधीच ओलांडायचा नाही तो वेग, जिथे होती तिथेच आहे. उंचीवरून खाली येताना ताकद जास्त आहे म्हणून तिकडे पोचायला वेळ लागणार नाही.

तर आता असं कर. विकणाऱ्याकडून लॉगबुकं पहिल्या पानापासून स्कॅन करून माग, एअरफ्रेमची, इंजिनची आणि प्रॉपची वेगवेगळी, आणि मला पाठव, मी दोन-तीन रात्री बसून वाचते. डिपॉझिट द्यायचं असेल तर इन्स्पेक्शनमध्ये काही निघालं तर पूर्ण परत, असं लिहून घेतल्याशिवाय देऊ नकोस. इन्शुरन्सवाल्याला तुझे तास सांगून आकडा आधीच विचार. आणि इन्स्पेक्शनची तारीख ठरली की कळव, मी येतेय, माझा बोअरस्कोप घेऊन.

तुझी,
आई