मधले सूर गाळायला शिकवणाऱ्या बाईंना

बाई,

सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मराठी येत नाही. पण इंग्रजीत आभार मानायला लागले की तुम्ही हात झटकता आणि टोमॅटोच्या रोपांचा विषय काढता. म्हणून इथे, चारचौघांत, तुम्हाला अडवता येणार नाही अशा भाषेत लिहिते आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. बाई राहतात व्हर्जिनियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, गॅलॅक्सच्या आसपास. ब्लू रिज डोंगरातलं हे लहानसं गाव म्हणजे फिडलवाल्यांचं पंढरपूर (फिडल म्हणजे लोकसंगीतात वाजतं ते व्हायोलिन). 1935 साली सुरू झालेलं ओल्ड फिडलर्स कन्व्हेन्शन, म्हणजे वाजवणाऱ्यांचा मेळावा, इथल्या फेल्ट्स पार्कात ऑगस्टात भरतं. बाईंचं वाद्य मात्र डल्सिमर. नाव ऐकून संतूर डोळ्यांपुढे आणू नका, काड्यांनी ठोकायचं ते डल्सिमर वेगळं. हे मांडीवर आडवं ठेवायचं, लांबट, तीन-चार तारांचं. एका तारेवर चाल वाजते, बाकीच्या सूर धरून राहतात. गॅलॅक्सच्या जुन्या पद्धतीत सगळ्या तारा एकाच सुरात लावतात. डाव्या हातात तारेवर सरकवायची लाकडी काडी, तिला नोटर म्हणतात, आणि उजव्या हातात पक्ष्याचं पीस. बाई टर्कीचं पीस वापरतात आणि तार छेडायच्या प्लॅस्टिकच्या चकतीकडे बघतसुद्धा नाहीत.

मी मिरजेची, तंबोऱ्याच्या आवाजात वाढलेली. त्यामुळे सुरात भरून राहणारं वाद्य मला नवं नव्हतं. अडचण होती फिडलच्या चालींची. फिडलच्या चार तारांवर गज क्षणात या तारेवरून त्या तारेवर जातो. 'सोल्जर्स जॉय'सारख्या चालीत सा-ग-प-ग अशी धावपळ सतत चालू. डल्सिमरवर हे सगळं एकाच तारेवर काढायचं तर नोटर शून्य, दोन, चार, दोन अशा पडद्यांवर उड्या मारत सुटतो, आणि लय गळ्याशी येते. छापील टॅबमध्ये, म्हणजे पडद्यांचे आकडे लिहिलेल्या कागदावर, बहुतेक वेळा सगळे सूर दिलेले असतात, कारण कागदाला दम लागत नाही.

तुम्ही माझा टॅब उलटा ठेवलात आणि विचारलंत, "यातले कुठले सूर वाद्य आपणहून वाजवतंय?"

तारा एकाच सुराऐवजी डी-ए-डी, म्हणजे सा-प-सा, लावल्या की सा आणि प उघड्या तारांत वाजतच असतात. म्हणजे त्या धावपळीतला फक्त गंधार नोटरने द्यायचा, तोही ठोक्यावर, आणि बाकीचं पिसाने. एक लांब झटका, दोन आखूड, फिडलवाल्याच्या गजाची तीच चाल. तुम्ही तो टप्पा वाजवलात तेव्हा निम्मे सूर गाळलेले होते आणि मला सगळे ऐकू आले. पुन्हा वाजवायला लावलं, तुमच्या डाव्या हाताकडे बघत. काडी दुसऱ्या पडद्याच्या अलीकडे जेमतेम हलत होती.

दुसरी गोष्ट तारा लावण्याची. पुष्कळ चाली मंद्रातल्या पंचमापर्यंत खाली उतरतात. डी-ए-डीमध्ये चालीची तार मोकळी सोडली की तोच सा, त्याखाली तिच्यावर जागाच नाही. मी ते सूर वरच्या सप्तकात उचलून वाजवायला निघाले होते. तुम्ही म्हणालात, तसं करतात, पण चालीचा जाड भाग मग जाड राहत नाही. (इथले लोक चालीच्या खालच्या भागाला जाड आणि वरच्याला बारीक म्हणतात.) त्याऐवजी चालीची तार ए वर उतरवायची. सा येतो तिसऱ्या पडद्यावर आणि खाली पंचम, धैवत, निषाद हाताशी राहतात.

हे ऐकताना मला हसू का आलं ते तेव्हा नीट सांगता आलं नव्हतं. डल्सिमरवर पडदे ठरलेले, सगळे अर्धस्वर नाहीतच. उघड्या तारेपासून वाजवलं तर कोमल निषादाचा खमाज थाट. तिसऱ्या पडद्याला सा मानला की बिलावल, चौथ्याला काफी, पहिल्याला आसावरी. आमच्याकडे याला मूर्च्छना म्हणतात आणि त्यावर पंडितांचे वाद होतात. तुम्ही ते खुंटी पिळून, 'हा लावला की उदास, तो लावला की बरा' एवढ्यावर भागवता. 'ओल्ड जो क्लार्क' डी-ए-डीवर इतकी सहज का बसते, तेही तेव्हाच कळलं: तिचा निषाद मुळातच कोमल. नव्या वाद्यांवर शुद्ध निषादासाठी साडेसहावा पडदा बसवतात. तुमच्या वाद्यावर तो नाही आणि तुम्ही बसवूही देणार नाही. यावर आपलं पटणार नाही. मला तो हवा.

मला सगळ्यात उपयोगी पडलं ते तुम्ही स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगितलेलं. जुने फिडलवाले चालीप्रमाणे फिडलच्याच तारा बदलून लावतात, ए-ई-ए-ई अशा, म्हणजे शेजारची तार मोकळी गुंजत राहते. फिडल स्वतःच सूर धरून ठेवतं. तेव्हा चाल उचलताना आधी त्या गुंजणाऱ्या तारेकडे कान द्यायचा, बोटांकडे मागाहून. त्यानंतर मी रेकॉर्डिंगं वेगळ्या तऱ्हेने ऐकायला लागले. 'अँजेलिन द बेकर'चे पाच स्वर आमच्या भूपाचे आहेत. भूप समजून वाजवली तर मात्र ती लगेच मरगळते, कारण जोर गंधारावर रेंगाळण्यात नाही, झटक्यात आहे.

नोटर घासत नेला की मींड येते, तिचा मोह मला अजून आवरत नाही. तुम्ही त्यावर भुवया उंचावता, थांबवत मात्र नाही. त्याबद्दलही आभार. आणि फीचा विषय काढला की हातात बीन्सची बरणी ठेवता, त्याचा निषेध.

ऑगस्टात फेल्ट्स पार्कला येतेच आहे. एक वाद्य डी-ए-डी लावून आणि एक डी-ए-ए लावून आणेन, म्हणजे दोन चालींच्या मधे खुंट्या पिळत बसायला नको. घडीची खुर्ची तेवढी तुमच्याकडची एक जास्तीची घ्या.

तुमची,
मिरजेची विद्यार्थिनी