माझ्या धाकट्या पुतण्याला काम आहे का? सांख्यिकी मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय सांख्यिकी मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

जुलै २०२३ ते जून २०२४ या वर्षाच्या सरकारी श्रमबल पाहणीत, म्हणजे किती लोकांना काम आहे याच्या मोजणीत, शहरी बेरोजगारी ५.१ टक्के आणि ग्रामीण २.५ टक्के निघाली. म्हणजे खेड्यात बेकारी शहराच्या निम्मी. आम्ही जालना जिल्ह्यातले कोरडवाहू शेतकरी. हा आकडा वाचून गप्प बसवेना.

माझे दोन पुतणे, दोघेही आयटीआय झालेले. थोरला सव्वा वर्ष वाळूजच्या कंपन्यांचे गेट झिजवतोय, अजून कुठे चिकटला नाही. तो तुमच्या हिशेबात बेरोजगार. धाकटा घरीच आहे. साडेतीन एकर कपाशी, तीत त्याचा बाप, आई आणि तो. फवारणीचा पंप पाठीवर घेतो, वेचणीला आईबरोबर वाकतो, रात्री लाइट आली की मोटार चालू करायला जातो. हातात रुपया येत नाही. तो नसता तरी कापूस तेवढाच निघाला असता, हे त्यालाही ठाऊक आहे. पण वर्षात तीस दिवस घरच्या शेतात राबला की तुमच्या व्याख्येत तो रोजगारात. ‘काय करतो?’ असं पाहणीला आलेल्या माणसाने विचारलं, तर माझी वहिनी ‘शेती करतो’ म्हणेल. दुसरं काय सांगणार ती?

शहरात बेकार दिसतो, खेड्यात तो शेतात झाकला जातो. फरक एवढाच आहे.

२०२५ पासून तुम्ही दरमहा आकडे देता, हे चांगलं केलंत. त्या वर्षी एप्रिलमध्ये ग्रामीण दर ४.५ होता, मेमध्ये ५.१ झाला. रब्बीची काढणी उरकली आणि हात रिकामे झाले. खरिपाची कामं लागली तसा ऑगस्टमध्ये तो ४.३ वर आला. हा मासिक दर मागच्या सात दिवसांच्या कामावरून काढतात, वरचा २.५ वर्षभराच्या कामावरून, म्हणून दोन्ही जुळत नाहीत. पण यातही सात दिवसांत एक तास काम केलेला माणूस रोजगारात बसतो.

व्याख्या बदला असं मी म्हणत नाही, मागच्या वर्षांशी तुलना करायला ती लागते. पण घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारे किती आणि आठवड्याला काम किती तासांचं, हे तक्ते अहवालाच्या पोटात ठेवू नका. ग्रामीण दराच्या शेजारी, त्याच प्रसिद्धिपत्रकात, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापा. पुढच्या वार्षिक अहवालापासून हे करता येईल का, एवढं कळवावं.

आपला,
एक कापूस उत्पादक, जि. जालना