ओहोटीला कुठे बसणार ती?

आंजर्ल्याचे आबा,
सा. न.

तुमचा नातू हे वाचून दाखवेल या भरवशावर लिहितोय.

नेदरलँड्समध्ये घ्यायच्या शिडाच्या बोटीचा फोटो मी तुम्हाला मोठ्या कौतुकाने दाखवला होता. पाण्याखाली दोन मीटर कील, म्हणजे बुडाखाली कायमचा बसवलेला जड कणा. तुम्ही शीड पाहिलं नाहीत, केबिन पाहिली नाहीत. एवढंच विचारलंत, "ओहोटीला कुठे बसणार ती?" मी हसलो. पुढे तुम्ही खाडीतोंडाचा वाळूचा दांडा दाखवलात, आत शिरायला भरतीची वाट बघत थांबलेल्या होड्याही दाखवल्यात. परत आल्यावर मी बयाणा सोडला. पैसे बुडाले, बायको महिनाभर धड बोलली नाही.

मग जुनी अ‍ॅल्युमिनियमची बोट घेतली. तिची मधली फळी आणि सुकाणू दोन्ही वर उचलता येतात. फळी वर असली की ७५ सेंटीमीटर पाणी पुरतं.

इथला, नेदरलँड्सच्या किनाऱ्याचा उथळ वाडन समुद्र म्हणजे तुमची खाडीच, फक्त अफाट. टेरस्खेलिंग बेटाच्या मागे दोन्ही बाजूंनी येणारी भरती एकमेकींना भेटते, पाणी थबकतं आणि गाळ तिथेच बसतो. डच लोक त्याला वान्टेय म्हणतात. ती जागा भरतीच्या माथ्यावरच ओलांडायची. आम्ही ओलांडतो, खोल बोटी बेटाला बाहेरून वळसा घालतात. कधी मुद्दाम वाळूवर टेकतो, पाणी गेलं की मुलं शिडीने उतरून बोटीभोवती हिंडतात. भरतीची वेळ काढायचा तुमचा तिथीच्या पाऊणपटीचा हिशोब इथे लागू पडत नाही, पण अमावास्या-पौर्णिमेचं मोठं उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची लहान भरती, म्हणजे भांग, चंद्रावरच. उधाणाच्या माथ्यावर टेकायचं नाही, नाहीतर पुढच्या उधाणापर्यंत तिथेच, हे तुमचंच सांगणं.

गेल्या उन्हाळ्यात फ्रान्समधल्या ब्रिटनीपर्यंत गेलो. तिथल्या उत्तर किनाऱ्यावर काही ठिकाणी उधाणाला पाणी दहा मीटरहून जास्त चढतं-उतरतं. वारा उठला तेव्हा आम्ही लहानशा बंदराच्या अगदी आत, मच्छीमारांच्या होड्यांशेजारी चिखलात बसलो. खोल कीलवाले बाहेर नांगरावर रात्रभर हेलकावत होते. सकाळी दोन भरत्यांच्या मधल्या वेळात बूड घासलं, बोटीचा धातू झिजू नये म्हणून लावलेले जस्ताचे तुकडे बदलले. क्रेनचा खर्च शून्य. लांबच्या प्रवासात हे फार मोठं आहे आबा, कारण बिघाड गावाजवळ होईलच असं नाही.

सगळंच गोड नाही. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला चढून जाताना खोल कीलवाले आमच्या पुढे निघून जातात. फळीची पेटी केबिनच्या मधोमध, जेवताना गुडघे आपटतात.

पण तुमच्यामुळे किती बंदरं उघडली! मनापासून आभार.

एक विचारायचं राहिलं. चिखलात बसलं की फळीच्या खाचेत खडे अडकतात आणि ती खाली येत नाही. काही युक्ती असेल तर नातवाकडून कळवा.

तुमचा,
फोटोवाला