मुतखडा काढताना रक्तातले कॅल्शियमही तपासा

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

वारंवार मुतखडा झाला की खडा काढतात, साध्या पडण्याने मांडीचे हाड मोडले की सळई घालतात. या दोन्हींचे मूळ मानेत असू शकते, हे मात्र बघायचे राहते. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या साधारण चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. त्यांतली एखादी वाढून जास्त पीटीएच (पॅराथायरॉइड हार्मोन) सोडू लागली की हाडांतले कॅल्शियम रक्तात उतरते; हाडे ठिसूळ होतात आणि जादा कॅल्शियम लघवीत जाऊन खडे होतात. बहुतेकांत गाठ एकाच ग्रंथीत असते आणि ती काढली की आजार बरा होतो. गोळ्यांनी तो मुळापासून जात नाही.

जिल्हा रुग्णालयांत अशा प्रत्येक रुग्णाचे कॅल्शियम आणि अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) तपासणे बंधनकारक करा. अल्ब्युमिन कमी असले की कॅल्शियमचा आकडा खोटा खाली दिसतो, रक्त घेताना दंडाचा पट्टा फार वेळ आवळला तर खोटा वर. कॅल्शियम दुसऱ्यांदाही १०.५ मिलीग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर आले तर पीटीएच, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी तपासणी) आणि ड जीवनसत्त्व बघावे. इथे एक चूक फार महागात पडते: कॅल्शियम वाढलेले असताना पीटीएच दबलेला हवा, त्यामुळे अहवालावर तो ‘नॉर्मल’ आला तरी या आजाराचा संशय सोडू नये.

निदान रक्तावरून होते. सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅन (किरणोत्सारी द्रव्य टोचून काढलेले चित्र) गाठीची जागा दाखवतात, एवढेच. स्कॅन कोरा आला म्हणून रुग्णाला परत पाठवू नये. चारही ग्रंथी शोधू शकणाऱ्या, ही शस्त्रक्रिया नेहमी करणाऱ्या सर्जनकडे पाठवावे. ग्रंथी कधी थायमसमध्ये (छातीतल्या एका ग्रंथीत), कधी अन्ननलिकेमागे दडलेली असते. गाठ निघाली की रक्तातला पीटीएच ३ ते ५ मिनिटांत निम्मा होतो. म्हणून गाठ काढल्यावर १० मिनिटांनी तो निम्म्याहून खाली आला का, हे रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर असतानाच कळायला हवे. दुसऱ्या दिवशीच्या अहवालाचा तिथे उपयोग नाही.

सर्वांत जास्त काळजी त्यानंतरची. हाडे फार झिजलेली असतील तर ती कॅल्शियम झपाट्याने ओढून घेतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी पातळी तळाला जाते, ओठ-बोटे बधिर होतात, पेटके येतात, झटकेही येऊ शकतात. अशा रुग्णाला घाईने घरी सोडू नये. वॉर्डात कॅल्शियम ग्लुकोनेटची इंजेक्शने हवीत, घरी नेण्यासाठी कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल (ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप) मोफत हवे. मॅग्नेशियम कमी असेल तर तेही भरून काढावे, नाहीतर कॅल्शियम वर येत नाही.

जिल्हा रुग्णालये आपल्या खात्याकडे आहेत, सरकारी वैद्यकीय महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण खात्याकडे. दोन्ही खात्यांनी मिळून मोजकी केंद्रे नेमावीत आणि कोणत्या जिल्ह्याने रुग्ण कुठे पाठवायचा याचे लेखी परिपत्रक काढावे, ही विनंती.

आपले,
अंतःस्रावी ग्रंथींच्या आजारांवर उपचार करणारे डॉक्टर