काचेचा बाउल परत कर

पुणे, १४ ऑक्टोबर

प्रिय मीनल,

सप्रेम नमस्कार.

तू आणलेल्या काचेच्या बाउलचा फोटो पाहिला. देखणा आहे, पण सक्युलंटसाठी, म्हणजे पानांत पाणी साठवणाऱ्या जाड पानांच्या रोपांसाठी, नको. तळाला भोक नाही, म्हणजे घातलेलं पाणी मुळांशीच साचणार. खाली खडे घातले की निचरा होतो, असं नर्सरीवालेही सांगतात, पण ते खरं नाही. माती पुरती भिजून गच्च झाल्याशिवाय पाणी खड्यांत उतरतच नाही. खड्यांमुळे ओल उलट मुळांच्या जवळ सरकते. त्यापेक्षा १० इंच रुंद, ४ इंच खोल अशी मातीची पसरट कुंडी घे आणि भोकावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा ठेव.

रोपं निवडण्याआधी जागा ठरव. पूर्वेच्या गॅलरीत सकाळचं चार तास ऊन येत असेल तर इचेवेरिया, सेडम, ग्रॅप्टोपेटलम एकत्र लाव. हॉलमध्येच ठेवायची असेल तर फक्त हॅवर्थिया आणि गॅस्टेरिया, तीही खिडकीला लागून. इचेवेरिया टीपॉयवर ठेवलीस की काही आठवड्यांत मान काढते, आणि एकदा ताणलेला दांडा पुन्हा आखूड होत नाही. पाहुणे येणार असतील तेव्हा दोन दिवस आत आण, की परत उन्हात. गॅलरीतल्या कुंडीत उंचीसाठी एक जेड हवं. जेड म्हणून नर्सरीत बरेचदा पोर्टुलॅकारिया देतात. तेच घे, छाटून हवा तसा आकार देता येतो.

या कुंडीला साधारण ४ लिटर मिश्रण लागेल: २ लिटर हरभऱ्याएवढे विटांचे तुकडे, भुकटी चाळून काढलेले, १ लिटर धुतलेली जाड रेती, अर्धा लिटर लाल माती, अर्धा लिटर गांडूळखत. आपली काळी माती अजिबात नको. भिजली की चिकटते, वाळली की भेगाळते आणि बारीक मुळं तुटतात.

खरी मेहनत मुळांची. नर्सरीतलं रोप कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असतं. तो गोळा तसाच लावलास तर बाहेरचं मिश्रण वाळतं आणि आत आठवडाभर ओल राहते. म्हणून बोटांनी हळूहळू सगळं झाडून काढ, काळी मऊ मुळं काप आणि रोपं तीन दिवस सावलीत कागदावर ठेव. जखमा वाळल्या की कोरड्या मिश्रणात लाव. पानांना हात लावू नकोस, बुंध्याला धर. इचेवेरियाच्या पानावरची पांढरी भुकटी पुसली गेली की तिथे पुन्हा येत नाही.

पाच ते सात रोपं पुरेत, मध्ये बोटभर जागा. जेड मधोमध नको, जरा एका बाजूला मागे. वर सेंटिमीटरभर बारीक खडी पसर, म्हणजे खालची पानं ओलीला टेकत नाहीत.

पहिलं पाणी पाच दिवसांनी, तळातून वाहीपर्यंत. नंतर उदबत्तीची काडी तळापर्यंत खुपसून बघ. पूर्ण कोरडी आली तरच पुढचं. थंडीत त्याला दहा-बारा दिवसही लागतील. पावसाळ्यात कुंडी छपराखाली हवी, आणि एप्रिल-मेमध्ये सकाळी अकरानंतर वर सावलीसाठी हिरवी नेट.

खालची पानं कागदासारखी वाळली तर काळजी नको. पिवळी, पाणीदार होऊन नुसत्या स्पर्शाने गळली तर मात्र कुज आहे: लगेच उपट, दांडा आतून स्वच्छ दिसेपर्यंत ब्लेडने वरवर कापत जा आणि शेंडा वाळवून नव्याने लाव. पानांच्या बेचक्यात कापसासारखी दिसणारी मिलीबग ही कीड दिसली तर सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या इअरबडने टिप.

रोपं सोडवलीस की मुळांचा फोटो पाठव. किती छाटायची ते सांगते.

तुझी,
सुलभा